ढवळ्याशेजारी पवळ्या

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मेंटेनन्सची बिलं मी ज्या संगणकावर काढतो, तो २०१८ साली जोडून घेतलेला आहे. त्यात ८ जीबीची एकच रॅम होती, म्हणजे चालू काम डोक्यात धरून ठेवणारी पट्टी. जोडणारा तेव्हा म्हणाला होता, "काका, ही जन्मभर पुरेल." जन्म कोणाचा, माझा की संगणकाचा, हे विचारायचं राहून गेलं. यंदा ऑडिटच्या तोंडावर एक्सेलची फाइल उघडायला घेतली की मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायचो. चहा गाळून परत यायचो तेव्हा ए विंग दिसायला लागलेली असायची. बी विंगसाठी बिस्किटं.

भाचा म्हणाला, "मामा, अजून एक आठची टाक ना. सोळा होतील."

आठ आणि आठ सोळा. हे गणित मला पहिलीपासून पटत आलेलं आहे.

पहिला प्रयत्न अर्थातच फुकटातला. माळ्यावर मेव्हण्याचा बंद पडलेला संगणक होता, त्यातली रॅमची स्टिक काढली आणि आमच्या संगणकात बसवायला गेलो. बसेना. आमच्या घरात वस्तू बसत नसली की जोर लावायचा, ही परंपरा आहे. मिक्सरचं भांडंही तसंच बसतं. भाच्याने माझा हात धरला. म्हणाला, "मामा, ती डीडीआर३ आहे, जुन्या पिढीची. तुझी डीडीआर४. खाच बघ कुठे आहे." खाच खरंच वेगळ्या जागी होती. जुनीला २४० पिना, आमचीला २८८. जुनी दीड व्होल्टवर चालणारी, आमची १.२ वर. तेव्हा ही खाच माझ्यासारख्या सेक्रेटऱ्यांसाठीच ठेवलेली असणार.

मग डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून स्लोने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. (या रस्त्याचं नाव कधीच बदलून डॉ. भडकमकर मार्ग झालंय. तिथे जाऊन ते नाव घेतलंत तर रस्त्यात उभे राहून रस्ता शोधाल.) दुकानदाराला जुन्या स्टिकचा फोटो दाखवला. डीडीआर४, ८ जीबी, वेग २४००.

"२४०० अब नहीं आता अंकल. ३२०० ले जाओ."

"जुनीबरोबर चलेगा?"

"अंकल, दौडेगा."

साधी संपली होती, म्हणून तीनशे रुपये जास्त देऊन लाइटवाली घेतली. तिच्या डोक्यावर रंगीत दिव्यांची पट्टी होती. आमचं कॅबिनेट चारही बाजूंनी पत्र्याचं आहे, हे मला परतीच्या गाडीत कळव्याला आठवलं.

घरी आल्यावर प्लग काढला. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला नमस्कार करावा तसा हात लावला आणि स्टिक दाबली. दाबताना मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती पाटी, वाकतो. हे कोणी आधी सांगत नाही. पापड मोडल्यासारखा कट्ट आवाज झाला, आणि तो क्लिप लागल्याचाच आवाज होता याची खात्री पटेपर्यंत मी श्वास घेतला नाही. बटण दाबलं. पंखा फिरला. नवीन स्टिक जांभळी, मग हिरवी, मग गुलाबी झाली. स्क्रीन काळी ती काळीच.

पुढचे दोन तास थोडक्यात सांगतो. दोन्ही स्टिका काढल्या, सोनेरी टोकं नातीच्या खोडरबराने पुसली, परत लावल्या. बायोसचं, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होणाऱ्या प्रोग्रामचं, डोकं ताळ्यावर यावं म्हणून मदरबोर्डवरचा गोल सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला. शेवटी भाच्याने विचारलं, "शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये का लावल्यास? प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा." तसं केलं आणि संगणक उठला. १६ जीबी! मी बायकोला हाक मारली. ती येऊन बघून म्हणाली, "आधी चालत होतं ना?"

बायोसमध्ये वेग बघितला तर २४००. म्हणजे सेकंदाला २४० कोटी देवघेवी. ३२० कोटींची घेतली होती ना? भाच्याने समजावलं. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, तिच्यात तिचा वेग, तिच्या सवयी लिहिलेल्या असतात. मदरबोर्ड दोघींचं वाचतो आणि जी हळू चालते तिच्या चालीने दोघींना हाकतो. तशीही आमच्या मदरबोर्डची धाव २६६६ पर्यंतच. ३२०० हा आकडा खोक्यावर वाचायचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण मी शाळेत निबंधात घालत असे. तिच्यासाठी कधी पैसे मोजावे लागतील असं वाटलं नव्हतं.

तरी चाललं असतं. पण चौथ्या दिवशी, नेमकी बिलं छापायला घेतली आणि पडदा निळा. वर रडका चेहरा. पुन्हा दुसऱ्या दिवशी. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्राम, लावून झोपलो. सकाळी पडद्यावर लालच लाल ओळी, कुंकवाचा करंडा सांडल्यासारख्या. रात्री नवीन एकटी तपासली: एकही चूक नाही. पुढच्या रात्री जुनी एकटी: एकही चूक नाही. दोघी एकत्र: लाल.

हा प्रकार मला चांगला ओळखीचा आहे. ३०४ च्या नळात दोष नाही, २०४ च्या छतात दोष नाही, दोघांचे प्लंबर तसं लिहून द्यायला तयार आहेत. गळती मात्र आहे, आणि ती सेक्रेटरीच्या डोक्यावर आहे.

दुकानदाराला फोन केला.

"अंकल, जोडी लेनी चाहिए थी. दो का पॅक आता है, साथ में टेस्ट किया हुआ."

"तुम्ही तर दौडेगा म्हणाला होता!"

"चार दिन दौडी ना?"

शेवटी भाच्याने बायोसमध्ये जाऊन दोघींचा वेग २१३३ वर आणला. तेव्हापासून तीन आठवडे झाले, एक लाल ओळ नाही. म्हणजे माझी मूळची स्टिक एकटी २४०० ने चालत होती, तिच्या सोबतीला मी ३२०० आणली आणि आता दोघी २१३३ ने चालतात. भाचा म्हणतो, "पण मामा, आता दोन चॅनल आहेत, माल दोन्ही रस्त्यांनी जातो, एकूण फायदाच आहे." असेल. बी विंग आता बिस्किटांशिवाय उघडते, हे खरं. पण ऑडिटर मंडळींसमोर हा व्यवहार मी कोणत्या शीर्षाखाली दाखवू?

रात्री दिवे मालवले की कॅबिनेटच्या मागच्या भोकांतून जांभळा, हिरवा, गुलाबी उजेड भिंतीवर पडतो. परवा बायको बराच वेळ तिथे उभी होती. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"अहो, ही सुटी निघते का? गणपतीत मखराला लावता येईल."