आधी छपाई, मग फोडाफोडी

अरे काय चाललंय काय हे? आज माझ्या घराच्या साईटवर गेलो तं बाथरूमच्या भिंतीत प्लंबर ग्राइंडर घालून बसलेला. छपाई, म्हणजे प्लास्टर, झालेली भिंत! टँकरचं पाणी विकत घेऊन सकाळ-संध्याकाळ पाणी मारून राहिलो मी त्या छपाईवर, आणि हा गडी गीझरच्या लाईनसाठी आडवी झिरी मारून राहिला. म्हटलं छपाईच्या आधी काऊन नाही आला बे? तं म्हणे, "मले कोनं सांगतलं छपाई हाय म्हून?" मिस्त्रीले फोन लावला तं तो म्हणे प्लंबरले बोलावणं माझं काम नाही. ठेकेदार म्हणे, "होते भाऊ असं, बुजवून देऊ."

बुजवून देऊ म्हणे! चार इंची भिंत आहे ती, आडवी कापली की राहिलं काय तिच्यात? आणि त्याच भिंतीत लाईनवाल्यानं, म्हणजे इलेक्ट्रिशियननं, आधीच वायरचा पाईप टाकून ठेवला होता, छपाईखाली गाडला गेला, कोणी फोटो काढला नाही, कोणी भिंतीवर खडूची रेघ मारली नाही, ग्राइंडर सरळ त्या पाईपातून पार. वायर ओढलेले नव्हते म्हणून, नाही तं आज त्या पोराचं काय झालं असतं? आता लाईनवाला नवी झिरी मारणार, मिस्त्री ठिगळं लावणार, आणि रंग दिल्यावरही ती ठिगळं दिसणारच. नकाशा आहे, त्यात नळ कुठे, बोर्ड कुठे सगळं काढून आहे, पण तो ठेकेदाराच्या गाडीच्या डिक्कीत पडून!

प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वेळीही हेच. बीम भरताना संडासच्या पाईपासाठी स्लीव्ह, म्हणजे पाईप जायले मोकळी नळी, टाकायचं कोणालेच आठवलं नाही, मग भरलेला बीम फोडला आणि सळाख कापली. काळ्या मातीत! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या जमिनीत घर सांभाळते तो प्लिंथ बीम आणि तुम्ही त्याचीच सळाख कापता? स्लॅबवर पाणी मारायले माणूस नाही, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, चक्क लिहून आहे की गरम कोरड्या हवेत काँक्रीट कमीत कमी 10 दिवस ओलं ठेवा, आणि आमच्याकडे 45 डिग्रीत ठेकेदार म्हणते ते मिस्त्री पाहते, मिस्त्री म्हणते ते मालकाचं काम.

मी कसंबसं ओढून नेतो. पण गावात घरकुलवाले आहेत, त्यांना सरकारचे मोजकेच पैसे, तेही हप्त्याहप्त्यानं, त्या माणसाची एक भिंत दोनदा झाली तं पुढचं सिमेंट तो कुठून आणणार? उधारीवर. आणि फोडणारा मजुरी घेऊन मोकळा, बुजवणाराही मजुरी घेऊन मोकळा.

एक तास लागते हो! छपाईच्या आधी मिस्त्री, प्लंबर, लाईनवाला तिघं एका खोलीत उभे राहा, नकाशा हातात घ्या, भिंतीवर खुणा करा, पाईप टाका, पाणी भरून लिकेज पाहा, फोटो काढा, मग मारा माल. एवढं एक काम ठेकेदाराचं आहे, त्याचेच पैसे घेते तो.

वरचा स्लॅब बाकी आहे अजून. ठेकेदाराले सांगून दिलं, सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, पाईप टाकून झाले हे प्लंबर आणि लाईनवाल्यानं माझ्यासमोर उभं राहून दाखवल्याशिवाय मिक्सर सुरू होणार नाही, आणि आला तं वापस पाठवीन, भाडं तुझ्या बिलातून.