‘टेक ऑन मी’: गाणं तेच नव्हतं हो!

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर येऊन पडला. थोडक्यात तो असा: ‘आ-हा’ नावाच्या नॉर्वेच्या बँडचं ‘टेक ऑन मी’ हे गाणं १९८४ मध्ये साफ आपटलं. पुढच्या वर्षी तेच गाणं, काहीही न बदलता, कॉम्प्युटर ॲनिमेशनचा व्हिडिओ जोडून बाजारात आणलं आणि रातोरात अमेरिकेत पहिला नंबर! त्यानंतर बँडला काही जमलं नाही ते नाहीच. आणि खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: ‘माल नाही, पॅकेजिंग विकलं जातं.’

मी पोटापाण्यासाठी व्हिडिओच कापतो-जोडतो, त्यामुळे हे तात्पर्य पसरलं तर भाव माझाच वाढेल. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गडबडीचं आहे.

आधी ते ‘तेच गाणं’. चाल तीच होती, शब्दही जवळपास तेच. पण १९८४ चं ध्वनिमुद्रण टोनी मॅन्सफिल्ड यांनी केलेलं आणि १९८५ चं ॲलन टार्नी यांनी, पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही यूट्यूबवर आहेत, पाठोपाठ ऐका. जुन्यात वाद्यं एकमेकांशी ओळख नसल्यासारखी वाजतात. नव्यात ड्रम्स सुरू होतात, त्यावर सिंथेसायझरचा तो सुप्रसिद्ध तुकडा येतो, आणि मग बँडचा गायक मॉर्टन हार्केटचा आवाज सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. ध्रुवपद खर्जातून निघतं, प्रत्येक ओळीला एकेक पायरी चढतं आणि शेवटच्या टिपेला जातं तेव्हा अडीच सप्तकांचा प्रवास झालेला असतो. घरी गुणगुणून बघा, तिसऱ्या ओळीला शेजारी दार वाजवतील. आपल्याकडे एकच चाल दोन संयोजकांकडे दिली तर काय होतं हे कुणाला सांगायला नको, मग इथेच ते ‘काहीही न बदलता’ कसं झालं?

शिवाय ती चाल १९८४ मध्येही कोरी नव्हती. ‘आ-हा’तल्याच पॉल वॉक्टार आणि माग्ने फुरुहोल्मेन यांच्या आधीच्या ‘ब्रिजेस’ या बँडच्या काळात ती ‘मिस ईरी’ या नावाने होती, पुढे ‘लेसन वन’ झाली, आणि बरीच ठाकठोक झाल्यावर ‘टेक ऑन मी’. पहिली तबकडी पडल्यावर मॅनेजर टेरी स्लेटर यांनी टार्नींना गळ घातली आणि वॉर्नर कंपनीच्या अँड्रयू विकहॅम यांनी नव्या ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा पैसे मोकळे केले. डबा पॅकिंगला जाण्याआधी स्वयंपाक नव्याने झाला होता, एवढंच माझं म्हणणं.

‘साफ आपटलं’ हेही अर्धंच. ब्रिटनमध्ये पहिली तबकडी १३७व्या क्रमांकाच्या वर सरकली नाही, हे खरं. पण त्यांच्या स्वतःच्या नॉर्वेत तीच तबकडी तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. आणि हो, त्या पहिल्या तबकडीचाही व्हिडिओ होताच! निळ्या पार्श्वभूमीवर तिघं उभे राहून गातात-वाजवतात. म्हणजे पॅकेजिंग तेव्हाही होतं, फक्त मिळमिळीत होतं.

आता जे त्या मजकुराच्या बाजूचं आहे तेही देऊन टाकतो. टार्नींचं नवं ध्वनिमुद्रण १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये निघालं तेव्हा तेही पहिल्या झटक्यात चाललं नाही. गाणं सुधारलं आणि लगेच खपलं, असा उलटा धडा मलाही काढता येणार नाही. व्हिडिओने गाण्याला दार उघडून दिलं, यात शंका नाही. वाद आहे तो आत कोण शिरलं याचा.

त्या व्हिडिओवर जरा रेंगाळतो, कारण ‘कॉम्प्युटर ॲनिमेशन’ वाचून मला खरोखर राग आला होता. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. लंडनमधल्या एका साध्या कॅफेत एक मुलगी कॉमिक वाचत बसलेली आहे, आपल्याकडे इराण्याकडे चहा घेऊन पेपर चाळत बसावं तशी. साइडकारच्या, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटरसायकलींच्या, शर्यतीतला नायक पानातून तिला डोळा मारतो. मग कागदातून पेन्सिलने काढलेला एक हात बाहेर येतो आणि ती तो धरते. तेवढा क्षण थांबवून बघा: मनगटापर्यंत शिसपेन्सिलीच्या रेघा आणि त्या पंजात हाडामांसाची बोटं. इतक्यात वेट्रेसला वाटतं, पोरगी बिल न देता पळाली. ती कॉमिक चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकते, आणि आत चित्रातल्या दोघांवर आकाश कोसळतं. हे वेट्रेसचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. एवढ्या अद्भुत गोष्टीतला खलनायक कोण, तर न भरलेलं बिल.

हे चित्रकाम मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या जोडीचं. आधी नट-नट्यांचं साधं चित्रीकरण, मग त्यातली एकेक फ्रेम कागदावर पेन्सिलने गिरवायची. हे तंत्र मॅक्स फ्लायशर यांचं, त्याचं पेटंट १९१७ चं, आणि नाव रोटोस्कोपिंग. शाळेत पाटीवरची अक्षरं गिरवायचो तेच, फक्त इथे अक्षर सेकंदाला चोवीस वेळा बदलतं. सुमारे ३,००० चित्रं, १६ आठवडे. भागाकार केला तर रविवार धरून रोजची सत्तावीसेक चित्रं होतात, म्हणजे पडद्यावरचे जेमतेम एक-दोन सेकंद. मी एकदा एका जाहिरातीसाठी चार सेकंद असे गिरवले होते, टॅब्लेटवर, चुकलं की मागे जाण्याच्या बटणासकट. आठवडा गेला आणि मान धरली ती वेगळी. त्या व्हिडिओत रेघ सतत थरथरते, कारण कुठलीही दोन चित्रं हाताने तंतोतंत सारखी निघत नाहीत. कॉम्प्युटरने काढली असती तर ती थरथर आली नसती, आणि आज आपण त्याबद्दल बोलतही नसतो.

घोटाळा कुठून झाला असावा, याचा माझा अंदाज आहे. १९८५ मध्येच डायर स्ट्रेट्स या बँडच्या ‘मनी फॉर नथिंग’चा व्हिडिओ आला. त्यातली ठोकळ्यांची माणसं खरोखरच कॉम्प्युटरवर केलेली होती, आणि त्याचेही दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनच. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत ‘टेक ऑन मी’ला सहा पुरस्कार मिळाले, पण वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला तो ‘मनी फॉर नथिंग’. बॅरन स्वतःशीच हरले, म्हणा हवं तर.

‘रातोरात’चा हिशोब सोपा आहे. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं शिरलं जुलै १९८५ मध्ये, नव्वदीच्या घरात. पहिलं आलं १९ ऑक्टोबरला, पंधराव्या आठवड्यात. मधले तीन महिने एमटीव्ही तो व्हिडिओ घासून घासून दाखवत होतं, रेडिओ गाणं वाजवत होता आणि लोक दुकानात जाऊन तबकडी विकत घेत होते. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन, एमटीव्ही घरात आलं १९९१ मध्ये, उपग्रह वाहिन्यांबरोबर. आपल्याला हे गाणं भेटलं तेच मुळी ‘हिट’ म्हणून. मधली चढण आपण पाहिलीच नाही, म्हणून ‘रातोरात’ आपल्याला पटकन पटतं.

‘पुढे काही जमलं नाही’ यावर फार शाई घालवत नाही. जानेवारी १९८६ मध्ये त्यांचं ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं, जे ‘टेक ऑन मी’ला तिथे कधीच जमलं नाही. १९८७ मध्ये बाँडपटाचं शीर्षकगीत त्यांचं. १९९१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला तिकीट काढून एक लाख ९८ हजार माणसं आली, आणि गिनेसने तो विक्रम नोंदवला. असं अपयश माझ्या वाट्याला आलं तर मी तक्रार करणार नाही.

राहता राहिलं ते तात्पर्य. ब्रिटनमध्ये गाणं तिसऱ्यांदा निघालं, या वेळी तो व्हिडिओ सोबत होता आणि अमेरिकेतली हवाही. तरीही ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. वर गायिका जेनिफर रश यांचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ ठाण मांडून बसलं होतं. ब्रिटनमधली त्या वर्षीची सर्वाधिक खपलेली तबकडी तीच. आता पॅकेजिंगवाल्या मंडळींपैकी कुणीतरी मला त्या गाण्याच्या व्हिडिओतला एक प्रसंग, एकच, न बघता सांगून दाखवावा.