काचेवरचा डिंक

डॉक्टरने गाडीच्या काचेवरचं लाल क्रॉसचं स्टिकर खरवडून काढलंय. डिंकाचा चिकट ठसा मात्र हटत नाही. कट्ट्यावर विषय तिथूनच निघाला.

"तसाही तुला ते लावायचा अधिकार नव्हता," वकील लगेच कलमावर आला. "१९४९च्या जिनिव्हा करारांनी ते चिन्ह लष्करी वैद्यकीय पथकांना आणि रेड क्रॉसला दिलंय. खाजगी डॉक्टरांना नाही."

"अधिकार गेला खड्ड्यात. पूर्वी ते बघून लोक वाट द्यायचे. आता काही बिनसलं की आधी हीच गाडी फोडतील. परवा एक पेशंट मोबाइल पुढे करून म्हणाला, ही गोळी नको, साइड इफेक्ट वाचलेत. त्यातले निम्मे मलाच आठवेनात!"

"मग बरंच झालं की," सीए म्हणाला. "आपला निम्मा मान लोकांना काही कळत नव्हतं म्हणूनच होता. १९७९ला व्हिसिकॅल्क आलं, म्हणजे एक्सेलसारखं संगणकावरचं हिशेबाचं कोष्टक; बेरजा-वजाबाक्या यंत्राकडे गेल्या. हिशेबनीस काही उपाशी मेले नाहीत. सल्ल्याचं काम वाढलं."

"काम वाढलं रे. मान वाढला का?"

सीए गप्प. (हे क्वचितच घडतं.)

मग गाडी एआयवर आलीच. एआयमधले नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत, आणि त्यांची टंचाईच आहे, असं डॉक्टर जरा फुशारून म्हणाला. वकिलाकडे त्याहून झणझणीत किस्सा होता: २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले. पाच हजार डॉलर दंड झाला. "यंत्राला नाही, वकिलांना. सही त्यांची होती ना!"

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. ज्ञान खिशाखिशांत गेलं, सही मात्र यांच्याच गळ्यात राहिली. मान वजा करून नुसती जोखीम कोण घेणार? डॉक्टरच्या मुलीने तर सरळ विचारलंय, "बाबा, तिशीपर्यंत शिकायचं ते शिव्या खायला?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

उठता उठता सीएने डॉक्टरला बाजूला घेतलं. आईचा रिपोर्ट होता.

"यंत्राला विचारलंस ना?"

"विचारलं. म्हणून तर रात्रभर झोप नाही. तू एकदा बघ."