धाडसी नाटक बसवायचंय? मग ऐक, भावा

तर भावा, तुला कोल्हापुरात वादग्रस्त नाटक करायचंय. झकास. जाहिरातीत फक्त 'कौटुंबिक' छाप. सगळी भानगड कुटुंबातच असते, म्हणजे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉरकडे, पाठव. कापाकापी सांगितली तर पेढे वाट. सरकारी हरकत निदान कागदावर तरी असते. १९७० मध्ये तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकातल्या साडीवरच्या लाल डागाला हरकत आली, तर दिग्दर्शक डॉ. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं, हा निळा डाग लाल समजावा! त्यांच्याच 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली, तर दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकून आले. कोर्टात खेचता येईल असा विरोधक मिळायला आता पूर्वपुण्याई लागते.

तुझी गाठ पडणार 'तारीख नाही'शी. नाट्यगृहाच्या बुकिंगचे साहेब रजिस्टर उघडतील, पानावरून बोट फिरवतील, मधेच विचारतील, "विषय काय म्हणालासा?" तू सांगितलास की बोट जागच्या जागी थांबेल. मग त्या पानावर गॅदरिंग, सत्कार, सेवानिवृत्तीचा समारंभ असं सगळं उगवू लागेल. "वरनं विचारून सांगतो" म्हणतील. वर कोण, ते विचारायचं नाही. चहा मात्र पाजतील. कोल्हापूर आहे हे, कुणाला कोरडं पाठवत नाहीत.

तालमीसाठी गल्लीतल्या मंडळाचा हॉल माग. अध्यक्ष विचारतील, "घरच्यास्नी घेऊन बघता यील असं हाय न्हवं?" डोळे मिटून होय म्हण. निवेदन घेऊन येणाऱ्यांसाठी संहितेच्या झेरॉक्स काढत बसू नकोस, पैसे वाया जातील. त्यांच्या भावना ऐकूनच दुखावलेल्या असतात, वाचायची पाळीच येत नाही.

पत्रिकेवर शाहू महाराजांचा फोटो हवाच, खाली 'कलेला राजाश्रय देणारी पुरोगामी नगरी'. महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. मनापासून, हे मी टिंगलीत म्हणत नाही. आपला नाट्यगृहावर फार जीव. आत काय करायचं ते नंतर बघू.

एवढं करूनही तारीख नाहीच मिळाली, तर कुणाच्या तरी गच्चीवर पन्नास खुर्च्या टाक. तिकीट लावू नकोस. प्रयोग म्हणूच नकोस, अभिवाचन म्हण. पाठांतर कितीही चोख असलं तरी प्रत्येकाच्या हातात कागद पाहिजे, कुणी चौकशीला आलं तर दाखवायला. आणि दुसऱ्या अंकात नायिकेला नवऱ्याच्या मुस्काटात ठेवून द्यायची असेल, तर तिला आधीच बजावून ठेव, कागद डाव्या हातात.