तुम्हाला पपई बरी

मागच्या महिन्यात एका अनोळखी माणसाने नर्सरीत बसल्या बसल्या माझं उरलेलं आयुष्य बोटांवर मोजलं आणि त्यात फणस बसत नाही, असा निकाल दिला. मोजलं याचं काही नाही. एका हाताची बोटं संपायच्या आत तो थांबला, याचं आहे.

झालं असं, की गोडोलीत आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची अशोकाची रांग तोडली आणि आमचं पश्चिमेचं ४० फुटांचं जाळीचं कुंपण एकदम उघडं पडलं. दुपारी बारापासून मावळेपर्यंत कडक ऊन. बायको म्हणाली, कृष्णकमळ सोडा. मी म्हटलं, फळझाडं लावू. त्याच आठवड्यात मी मोबाइलवर इंग्लंडमधली एक बाग पाहिली होती. तिथे सफरचंद, नासपती भिंतीला चिकटवून वाढवतात. हातभर अंतराने आडव्या तारा ओढायच्या, फांद्या दोन्हीकडे त्या तारांना बांधायच्या, पुढे येईल ती छाटायची. झाड पापडासारखं सपाट, आणि वीतभर जागेत टोपलीभर फळं. याला एस्पॅलिअर म्हणतात. हा शब्द चार दिवस माझ्या तोंडात घोळत होता आणि तो ज्याच्यावर टाकावा असा एकही माणूस अख्ख्या साताऱ्यात मिळत नव्हता.

कोरेगाव रस्त्याला एका नर्सरीत गेलो. तिथल्या पोराच्या कानात ते पांढरं बोंडूक. "काय पाहिजे काका?" एवढं विचारून तो फोनवर कुणाशी तरी भांडायला लागला. मी म्हटलं, "फणसाचं रोप आहे का?"

आता कुंपणाला फणस, हे ऐकायला कसं वाटतं ते मला कळतं. पण माझं आजोळ कोयनेकाठचं. आजोबांच्या परड्यातला फणस धरणाच्या पाण्याखाली गेला, माझ्या जन्माच्या आधीच. आई मात्र दर मे महिन्यात त्या न पाहिलेल्या फणसाचे गरे आम्हाला मोजून दाखवायची. तेव्हा नर्सरीत पाय ठेवल्यावर माझ्या तोंडून आधी फणसच निघतो. त्याला इलाज नाही.

"फणोस?" मागून आवाज आला.

बघतो तर उलट्या घातलेल्या क्रेटवर एक आप्पा बसलेले. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, तळहातावर तंबाखू. नर्सरीशी त्यांचा संबंध काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मालक नव्हते, नोकर नव्हते, गिऱ्हाईकही वाटत नव्हते. बसस्टँडवर काही माणसं गाडीची वाट न बघता नुसती बसलेली असतात ना, तसे.

"वय काय तुमचं?"

"बासष्ट."

"बियाचा फणोस आठ वर्सं घेतोय." तंबाखूला चुना लावत ते म्हणाले. "वडील हायत?"

"नाहीत."

"कितव्या वर्साला गेले?"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चौतीस वर्षं सरकारी खात्यात लोकांचे हिशोब तपासलेत. आकडा विचारला की खरा आकडा सांगायची खोड जडलीय. म्हटलं, "सहासष्ट."

आप्पांनी तंबाखू दाढेखाली सरकवली, हात झटकले आणि करंगळीपासून मोजायला सुरुवात केली. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. तर्जनीपाशी थांबले. अंगठा तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे, माझ्या पोटाकडे आणि पुन्हा अंगठ्याकडे बघून म्हणाले, "न्हाई बसत."

"कलमी घेतला तर?" मी विचारलं. म्हणजे बघा, मीही त्या हिशोबात शिरलो होतो.

"कलमी चार-पाच वर्सं. काठावर हाय." जरा सबुरीने त्यांनी विचार केला. "पर कुपनाला फणोस लावत्यात व्हय? शेजाऱ्याच्या अंगनात फांदी, तुमच्या अंगनात भांडान."

मग त्या चार बोटांच्या गजाने सगळी नर्सरी मापून झाली. चिकू? पाच वर्षं, बाद. बियाचं कागदी लिंबू? तेवढंच, बाद. नारळावरचा माझा हात त्यांनी नुसत्या नजरेने काढायला लावला. डाळिंब वयात बसत होतं, पण त्यावर तेल्या रोग येतो. द्राक्ष? "तासगावला जाऊन बघा एकदा. एप्रिलात खरड छाटनी, आक्टोबरात फळछाटनी. मधी केवडा, भुरी असले रोग. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारायचं. मंग वैनींनी धुणं कुठं वाळत घालायचं?"

पेरू वयात बसला. पोराने फोनवरून तोंड बाजूला करून 'सरदार' आहे म्हणून सांगितलं. या सरदाराचं दुसरं नाव लखनौ-४९. लखनौहून आणलेल्या बियांतून तो निवडला गेला पुण्यात, गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात. पुण्यात वाढलेली गोष्ट आपणहून दुसऱ्या गावाचं नाव लावते, असं हे एकमेव उदाहरण असावं. मी हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "राती वटवाघळं, दिसा माकडं. तुमाला पानं."

शेवटी मी एस्पॅलिअर काढलं. तारा, बांधलेल्या फांद्या, सगळं हातवारे करून दाखवलं. हात दोन्हीकडे पसरून, त्या पोरासमोर, झाडासारखा उभा राहिलो.

"कुनी काय चोरलंय का त्येनं?" आप्पा म्हणाले.

मी चिकाटी सोडली नाही. सांगितलं, थंड मुलखात भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री झाडाला ऊब देते, म्हणून फळ पिकतं.

"आन् हितं? एप्रिलात जाळीला हात लावला तर फोड येतोय. झाडाला ऊब कशाला? त्येला काय सर्दी झाल्या?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही. रोज रात्री प्रयत्न करतोय.

खरं सांगायचं तर राग आप्पांचा नाही. ते निदान समोर बसून, तोंडावर मोजत होते. बाकीचे मोजतात ते कुजबुजत. बँकेतल्या पोरीला कर्जाचं विचारलं, तर तिने आधी जन्मतारीख टाइप केली आणि मग इतक्या गोड हसली, की मी उठलोच. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, आता कशाला?" त्या 'आता'त काय काय भरलेलं असतं ते मला ऐकू येतं, कान अजून शाबूत आहेत. दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला द्यायला जातो. समोर उभा असतो, घाम पुसत असतो, तरी यंत्राला माझा अंगठा पटत नाही. वर काउंटरवरचा म्हणतो, "आजोबा, नीट दाबा." आजोबा! त्याचे स्वतःचे केस माझ्यापेक्षा पांढरे. झाड लावतानाही हे मोजमाप मागे येईल असं वाटलं नव्हतं. माणूस फणस लावतो तो काय गरे खायची तारीख ठरवून?

"तुमाला पपई बरी," आप्पांनी निकाल दिला. "नवव्या-दहाव्या म्हयन्याला फळ. म्हंजी बघा, पुढच्या वर्सापातूर तर काय हरकत न्हाई."

पुढच्या वर्षापर्यंत माझी हरकत नव्हती.

पोराने 'रेड लेडी' दिली. देशी घेतली तर नर का मादी ते फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणाला. तीन पपया आणि एक अंजीर. अंजीर मी हट्टाने घेतलं, कारण तिकडच्या भिंतींवर अंजीरही असतं आणि आपल्याकडे पुरंदरात तर त्याच्या बागाच आहेत. आप्पा म्हणाले, "दोन-तीन वर्सं. चालतंय." परवानगी मिळाल्यासारखा मी पिशव्या उचलल्या. मला मग सूड सुचला. म्हटलं, "आप्पा, तुमचं वय?"

"एक्क्याऐंशी." तेवढ्यात एक छोटा टेम्पो आला. आप्पा उठले आणि पोराला म्हणाले, "ती नारळं टाक. बारा हायत, मोजून टाक."

"हे कधी लागायचे?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सात-आठ वर्सं." टेम्पोत चढता चढता त्यांनी मागे वळून बघितलं. "आमचा बा सत्त्याण्णवाव्या वर्साला गेला."

घरी आलो. भर पावसात, प्रेमाने, खड्डे खणून पपया लावल्या. पपईच्या बुंध्याशी पाणी साचलेलं चालत नाही हे मला माहीत होतं, पण आमच्या काळ्या मातीला माहीत नव्हतं. जुलैचा पाऊस लागून राहिला. पहिली पपई पाचव्या दिवशी मान टाकून पडली. बोटाने दाबली तर बुंधा भिजलेल्या पावासारखा. दुसरी आठव्या. तिसरीला बायकोने मातीचा उंचवटा करून, वर फुटकी छत्री लावली होती. ती दहाव्या दिवशी गेली. मी आहे. अंजिराला दोन नवी पानं आलीत, तळहाताएवढी, खरखरीत.

काल नर्सरीत फोन केला. पपया मेल्याचं सांगितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, ते आप्पा रोज असतात का?

"कोण, आप्पा? रविवारी असत्यात," पोरगं म्हणालं. "तुमचंच इचारत हुते परवा. जगलंय का म्हणाले."

ते रोपाबद्दल विचारत होते असं मी धरून चाललोय. कलमी फणस आणायला मंगळवारी जाणार आहे.