दुष्काळी भागातल्या मुलांनी कोणती पुस्तकं वाचावीत : ‘सुजाण पालक’ यांना उत्तर

नमस्कार सर,

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचवी ते दहावीच्या मुलांना कोणत्या रहस्यकथा, कोणत्या अद्भुत कादंबऱ्या द्याव्यात यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. खाली सही फक्त ‘सुजाण पालक, लातूर’. नाव घातलं असतं तर बरं झालं असतं, मी माझ्या नावानेच लिहिते.

बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. भुताखेतांच्या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, अभ्यास बुडतो, पुस्तकं महाग आहेत, भयकथा लिहिणारे नारायण धारप लहान मुलांच्या हातात देणं चूक आहे. आणि मग हे, जसंच्या तसं: “हे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत. दुष्काळी भागातल्या मुलांना वास्तवाची पुस्तकं द्या. लेखिकेने दुष्काळ बहुतेक पेपरातच पाहिलेला दिसतो.”

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पालकसभेत याहून कडक बोलणी ऐकलीत आणि चहा पाजून पालकांना घरी पाठवलंय. पण ज्या माणसाची आपल्याला काडीची माहिती नाही, त्याने काय पाहिलं आणि काय नाही हे आपणच ठरवायचं, चारचौघांत लिहून मोकळं व्हायचं आणि वर स्वतःला सुजाण म्हणवून घ्यायचं, ही कुठली रीत? माझ्या लेखात एका तरी पालकाबद्दल वावगा शब्द होता का? असेल तर दाखवा.

किमतींचं तुमचं म्हणणं मान्य. हॅरी पॉटरचे मराठीतले सगळे भाग एकदम घ्यायचे तर साध्या घराला जड जातं. लेखात किमती द्यायला हव्या होत्या. पुढच्या वेळी देईन.

आता दुष्काळाचं. माझं माहेर गंगाखेड तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. सुकडी खाऊन काढलेल्या दिवसांच्या गोष्टी ती आम्हाला सांगायची, त्यातही स्वतःच्या भुकेबद्दल कमी आणि कामावरच्या बायकांच्या गाण्यांबद्दल जास्त. आमचे चुलते एसटीत कंडक्टर होते. गाडीत कुणी विसरलेली, कुणी टाकून दिलेली पुस्तकं ते घरी आणायचे. त्यात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हमखास असायच्या. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक. कव्हर नाही, पानांवर तेलाचे डाग. आई शेंगा फोडत बसायची, तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचायची. चोर कोण हे ती माझ्याआधी ओळखायची. “त्यो मुनीम लय गोड बोलायलाय, त्याच्यावर ध्यान ठिव.” आणि बहुतेक वेळा तोच निघायचा. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या त्या बाईला संध्याकाळी मी पुन्हा खुरपणाऱ्या बाईचीच दुःखाची गोष्ट वाचून दाखवली असती, तर तिने मला चूल पेटवायला पाठवलं असतं. तिला पाहिजे होता झुंजार. त्याचे वेश, त्याचे डाव. दुष्काळ तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक होता.

हे तुम्हाला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. एक प्रश्न विचारला असता तर प्रतिक्रियेतलं ते वाक्य तुम्हीच खोडलं असतं.

आणि हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर आजचंही सांगते. मी बीड जिल्ह्यात धारूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा-दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो. आईबापांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ऊसतोडीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जावंच लागतं. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही फडावर. सातवीतल्या एका मुलीने जाताना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मागून नेला. पाडव्याच्या सुमारास ती परत आली तेव्हा पुस्तकाला पाचटाचा वास येत होता. कव्हरवर रसाचा चिकट डाग पडून त्यावर माती बसलेली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून ते तिने पिठाच्या डब्यात ठेवलं होतं, मधल्या पानांच्या बेचक्यात अजून पीठ होतं. तिने मला विचारलं, “बाई, फेणे फुरसुंगीचा म्हंजी खेड्यातलाच ना? मग त्याला पुण्याच्या शाळेत कुणी हसत नव्हतं का?”

सर, ही मुलगी पहाटे अंधारात उठून धाकट्या भावाला सांभाळते, आईबाप मोळ्या बांधून ट्रॅक्टर भरतात ते बघते. तिला तुम्ही कोणतं वास्तव शिकवणार आहात? ते तिच्या अंगावर आहे. तिला कुणी दिलेलं नाही ते दुसरंच काही: आपल्यासारखंच एक पोर सायकल हाणत निघतं, मोठ्या माणसांना न दिसलेलं बघतं आणि संकटातून डोकं चालवून बाहेर पडतं, ही शक्यता. गरिबाच्या पोराने गरिबीचंच पुस्तक वाचावं, हा नियम पोटभर जेवलेल्या माणसाने केलेला आहे. तुम्हाला लागेल असं लिहितेय, पण लागू द्या. तुमचं वाक्यही मला लागलंच.

राहिलं पुण्या-मुंबईचं. एकदा पैठणला जाऊन या, लातूरहून फार लांब नाही. परंपरा सांगते, तिथल्या सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य पैज हरला, तीन भाषा सोडून रानात गेला आणि पैशाची नावाच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहून बसला. राजाने ती नाकारली. मग त्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि अग्नीत टाकायचं, असं सुरू केलं. जनावरं चरायची थांबून ऐकत राहिली. राजाला कळलं तेव्हा फक्त एक लाख श्लोक उरले होते, ते त्याने वाचवले. पुढे अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने त्या परंपरेतून कथासरित्सागर रचला. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ त्यात आहे, विद्याधर आहेत, उडणारी यंत्रं आहेत. चांदोबाच्या अंकात तुम्हीही तो वेताळ वाचला असेल, शंकर यांच्या चित्रासकट. म्हणजे ज्याला तुम्ही शहरी चोचले म्हणता, त्याची गोष्टच गोदावरीकाठच्या दरबारातून सुरू होते. राजाने नाकारलेली पुस्तकं जनावरांनी ऐकली, हे मी पोरांना सांगते तेव्हा वर्गात चिडीचूप होते.

आणि बंगाली गुप्तहेर फेलूदा? १९७३ साली सत्यजित राय यांनी कोलकात्यात बसून फेलूदाला आपल्या वेरूळला आणलं. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं शिर चोरीला जातं आणि माग निघतो तो थेट कैलास लेण्यापर्यंत. आमच्या पोरांची वेरूळची सहल म्हणजे डबा, रांग, फोटो, परत बस. ही गोष्ट वाचून गेलेली पोरं मात्र कोणत्या खांबाआड माणूस लपेल ते शोधत फिरली. एकाने सगळं अंगण पालथं घातलं आणि येऊन विचारलं, “हे वरून खाली कोरलंय, तर पहिला घाव कुठं घातला आसंल? आन् चुकला आसता तर?” इतिहासाच्या धड्याने हा प्रश्न आणून दाखवावा, मी पुढच्या वर्षीपासून फक्त धडा शिकवीन.

बाकीचे मुद्दे पटकन. अंधश्रद्धा: शेरलॉक होम्सच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीतला भुताचा कुत्रा शेवटी फॉस्फरससारखं काहीतरी चोपडलेला साधा कुत्रा निघतो. याहून चांगला धडा कोणता? धारप मी आठवीच्या पुढे सुचवले होते, लेख नीट वाचला असतात तर दिसलं असतं. त्यावर वाद घालत बसण्याची माझी इच्छा नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर लातूर पॅटर्नचा मला आदरच आहे. माझा भाचा तिथेच खोली करून मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेची तयारी करत होता. क्लास, टेस्ट, मेसचा डबा, पुन्हा टेस्ट. त्या दिवसांत त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: “आत्या, काहीतरी वाचायला पाठव, ज्याच्याखाली प्रश्न नसतील.” मी पाठवलं. त्याच्या मार्कांचं काय झालं हे मी इथे सांगणार नाही, कारण मार्क वाढले म्हणून पुस्तक चांगलं, असला हिशोब मला करायचा नाही.

प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत की आठवीतल्या मुलीच्या दप्तरात फेलूदा सापडला आणि तुम्ही तो काढून कपाटात ठेवलात. तो तिला परत द्या. शाळेच्या ग्रंथालयाचा असेल तर तिच्या नावावर असेल, उशीर झाला की बोलणी तिलाच बसतील. आणि देण्याआधी पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः वाचा, बसून, सलग. मग माझ्याशी भांडायला या. मी उत्तर देईन, फक्त येताना नाव घालून या.