‘ही निव्वळ कारकुनी आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय नियतकालिकाकडे शोधनिबंध कसा तयार करून पाठवावा या माझ्या तीन भागांच्या लेखमालेवर आपण ‘निवासी डॉक्टर’ या नावाने जी प्रतिक्रिया लिहिली आहे, तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. त्याच विचाराने लिहायला बसलो होतो. पण प्रतिक्रिया तिसऱ्यांदा वाचताना कळून चुकले की तिच्यातले एक वाक्य मला एवढ्यावर सोडणार नाही. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो.

“मास्तर, तिन्ही भाग वाचले. समास, संदर्भांचे क्रमांक, कव्हर लेटर, फॉर्म, चेकलिस्ट. यात संशोधन कुठे आहे? ही निव्वळ कारकुनी आहे. महाडच्या डॉ. बावस्करांनी १९८६ मध्ये खेड्यात राहून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणले, त्यांना कुणी चेकलिस्ट दिली होती? विभागप्रमुखाचे नाव फुकट का टाकायचे आणि छपाईचे हजारो रुपये निवासी डॉक्टरने कुठून आणायचे, यावर मात्र एक ओळ नाही. आणि हो, लेखकत्वाचे निकष तीन नाहीत, चार आहेत.”

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तेथे आपले म्हणणे बरोबर आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, म्हणजे आयसीएमजेई, तिचे लेखकत्वाचे निकष आज चार आहेत. मी हे शिकलो तेव्हा ते तीन होते: अभ्यासाच्या आखणीत किंवा माहितीचे संकलन-विश्लेषण करण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची सुधारणा करणे, आणि अंतिम मसुद्याला संमती. २०१३ मध्ये त्यांत चौथ्याची भर पडली, ती म्हणजे निबंधातल्या कोणत्याही भागाच्या खरेपणाबद्दल प्रश्न निघाला तर त्याला उत्तरदायी राहण्याची तयारी. दुसऱ्या भागात मी दुरुस्ती केली आहे आणि तिच्याखाली तारीखही घातली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. मात्र आपल्या ‘आणि हो’मध्ये चोर मुद्देमालासकट सापडल्याचा जो आनंद आहे तो माझ्या नजरेतून सुटलेला नाही, आणि निकष तीन की चार हे मोजून पाहणे कारकुनीत बसते की संशोधनात, हा प्रश्नही मी आपल्यावरच सोपवतो.

‘मास्तर’ या संबोधनाबद्दल माझी तक्रार नाही. तीसहून अधिक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले, तेव्हा मास्तर हा शब्द माझ्या दृष्टीने मानाचाच आहे, आपण तो त्या अर्थाने योजलेला नसला तरी. ‘कारकुनी’चे तसे नाही. माझे वडील एका तालुक्याच्या कोषागारात कारकून होते. त्यांच्या वहीत खाडाखोड नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा चुकीचा आकडा स्पष्ट वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, छोटी सही आणि तारीख. खोडरबर वापरणाऱ्या माणसावर त्यांचा आयुष्यभर विश्वास बसला नाही. पुढे मी क्लिनिकल ट्रायलच्या कामासाठी गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या, म्हणजे अशा चाचण्या कोणत्या शिस्तीने कराव्यात याच्या, प्रशिक्षणाला बसलो, तेव्हा रुग्णाच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये चूक झाली तर ती कशी दुरुस्त करावी हे एका सुटाबुटातल्या प्रशिक्षकांनी पाऊण तास समजावून सांगितले. एकच रेघ, मूळ नोंद वाचता आली पाहिजे, सही, तारीख. मी तिसरीत असताना कंदिलाच्या उजेडात पाहिलेली रेघ पडद्यावर इंग्रजीतून आली होती, इतकाच फरक. तेव्हा हा शब्द शिवी म्हणून वापरायचा असेल तर खुशाल वापरावा, पण माझ्यासमोर तो शिवी म्हणून खपणार नाही.

आता मुद्दा. ‘यात संशोधन कुठे आहे’ असे आपण विचारता. कुठे असते ते मला ज्या प्रसंगी कळले, तो प्रसंग सांगतो. त्यात माझी शोभा नाही, तरी सांगतो.

१९९१ मध्ये मी पहिला शोधनिबंध पाठवला. विषय होता कीटकनाशकाच्या विषबाधेने दाखल झालेले रुग्ण. टंकलेखन यंत्रावर दुहेरी अंतर सोडून तीन प्रती, क्ष-किरण चित्रांच्या चकचकीत छापील प्रती, प्रत्येकीच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी आणि चित्राची वरची बाजू कोणती हे दाखवणारा बाण, असा जामानिमा रजिस्टर्ड पोस्टाने रवाना झाला. पाच महिन्यांनी लखोटा परत आला. आत समीक्षकाचा लांबलचक अभिप्राय नव्हता, संपादकांची दीड ओळ होती: सारांशात रुग्ण ६४, पहिल्या तक्त्यात ६१, तिघे कुठे आहेत?

मला राग आला. आपल्याला आला तसाच. एवढ्या कष्टाच्या कामात या गृहस्थांना तीनचा फरक तेवढा दिसावा, असे वाटले आणि मनातल्या मनात मीही त्यांना कारकूनच म्हटले. मग निमूटपणे रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दोन दिवस धुळीत केस पेपर शोधले. एका रुग्णाला नातेवाइकांनी सल्ल्याविरुद्ध घरी नेले होते. दुसऱ्याचा केस पेपर गहाळ होता. तिसरा दाखल झाल्यावर काही तासांतच दगावला होता. उपचार पूर्ण झाले नाहीत म्हणून तिघांनाही तक्ता भरताना मीच बाजूला काढले होते, कोणी सांगितले नव्हते, आणि काढले हे विसरूनही गेलो होतो. एकसष्टांत मृत्यू सहा, म्हणजे ९.८ टक्के, आणि ‘मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत ठेवता आले’ हे माझ्या सारांशातले सर्वांत अभिमानाचे वाक्य. त्या तिसऱ्याला परत घेतले की चौसष्टांत सात होतात, म्हणजे १०.९. अभिमानाचे वाक्य गेले. निबंध पुन्हा लिहिला, आणि नीट लिहिला.

हे संशोधन की कारकुनी, ते आपण ठरवा. पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, निबंधात काय काय नोंदवलेच पाहिजे याची ‘कॉन्सॉर्ट’ नावाची यादी निघाली आणि यादृच्छिक चाचण्यांच्या (ज्यांत कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) लेखकांना किती रुग्ण घेतले, किती गळाले, कोणत्या टप्प्यावर गळाले, हे आकृती काढून दाखवायला तिने सांगितले. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी, म्हणजे उपचार ठरवून न देता नुसत्या नोंदी घेणाऱ्या अभ्यासांसाठी, २००७ मध्ये ‘स्ट्रोब’ ही तशीच यादी आली. आपण ज्या चेकलिस्टची टिंगल केली आहे तिच्या पोटात ‘तिघे कुठे आहेत’ हाच प्रश्न आहे; फक्त तो पाच महिन्यांनी टपालाने येण्याऐवजी आधी टेबलावर येतो.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव आपण पुढे केले, याबद्दल खरे तर आपले आभार मानायला हवेत. आपण दिलेले १९८६ हे साल विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याविषयीच्या त्यांच्या टिपणाचे आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावरचा परिणाम आधी ओळखू देणाऱ्या लक्षणांवरचे त्यांचे टिपण ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, आले होते. (आकडे तपासण्याचा छंद एकट्या आपल्यालाच आहे असे नाही.) ते टिपण कशाच्या बळावर उभे राहिले? बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्यापासून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, लाळ, उलटी, थंडगार पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांचा जो मागोवा घेतला, त्याच्या बळावर. ती प्रतिभा होती यात शंका नाही, पण ती वहीत उतरलेली प्रतिभा होती. आणि याच डॉक्टरांचा २०११ मधला ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला निबंध काढून पाहा: ७० रुग्ण, एका गटाला प्राझोसिन आणि दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष, गटवाटप यादृच्छिक, आणि दहा तासांनी लक्षणे किती जणांची पूर्ण ओसरली हा मोजायचा निकाल. चाचणी भारतीय नोंदणीत नोंदलेली. महाडला राहून त्यांनी यातले काही टाळले नाही. ज्यांचे उदाहरण आपण चेकलिस्टच्या विरोधात दिले, त्यांचाच निबंध मी विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवत आलो आहे.

नोंदणीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. ‘आधी संशोधन करू, फॉर्म नंतर भरू’ या वृत्तीची किंमत काय असते ते निवासी डॉक्टरांना वेळेवर कळत नाही, म्हणून त्या लेखमालेत मी या एका बाबीला चार परिच्छेद दिले होते. आयसीएमजेईची नियतकालिके १ जुलै २००५ पासून असे म्हणत आली आहेत की चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. आपल्याकडची चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी, म्हणजे सीटीआरआय, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली, औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करण्याची वाटही बंद झाली. म्हणजे तारीख हुकली की हुकली. समास नंतर सुधारता येतात, संदर्भ एका रात्रीत व्हँकूव्हर पद्धतीने, म्हणजे मजकुरातल्या क्रमाने आकडे देऊन, लावता येतात, पण ही एक तारीख जगातला कोणताही प्राध्यापक मागे नेऊन देऊ शकत नाही. अभ्यासाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचेही तेच. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने पाठवण्यापूर्वी मसुदा दाखवला (त्याच्या परवानगीने लिहितो आहे): अभ्यासाचा काळ १ जानेवारीपासून, आणि कमिटीच्या मंजुरीच्या पत्रावर तारीख १२ मार्च. दोन्ही वाक्ये एकाच पानावर, मध्ये चार ओळींचे अंतर. त्याने तो मसुदा स्वतः अकरा वेळा वाचला होता. संपादकाला तो विसंवाद दिसायला अकरा मिनिटेही लागली नसती.

त्याच मसुद्यात ‘पी = ०.०००’ सतरा ठिकाणी होते. (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे ही ‘पी’.) एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तीन शून्ये दिसली की ती तशीच तक्त्यात उतरवायची, ही आपल्याकडची जुनी खोड. ते सॉफ्टवेअर तीन दशांशस्थळांपर्यंत आकडा दाखवते, किंमत ०.०००५ पेक्षा कमी असली की पुढचे दिसत नाही, एवढाच त्या शून्यांचा अर्थ. शक्यता शून्य असल्याचा दावा कोणतीही सांख्यिकी चाचणी करत नाही, म्हणून तेथे ‘पी < ०.००१’ लिहायचे असते. सतरा जागी ही चूक पाहिल्यावर संपादक काय समजतो? लेखकाला टंकलेखन येत नाही असे तो समजत नाही. आपण मोजले काय हे लेखकाला ठाऊक नाही, असे समजतो. आणि मग समीक्षकांकडे न पाठवताच मसुदा परत येतो, आणि आपल्यासारखे कोणीतरी म्हणते की स्वल्पविरामावरून नाकारला.

विभागप्रमुखांच्या नावाबद्दल ‘एक ओळ नाही’ असे आपण म्हणता. आपणच मोठ्या हौसेने मोजलेले चार निकष हीच ती ओळ आहे. चारही पूर्ण करतो तो लेखक, बाकीच्यांची जागा आभाराच्या परिच्छेदात, यापलीकडे मी आणखी काय लिहिणार? माझ्या १९९१ च्या त्या निबंधावरही पहिले नाव ज्यांचे होते त्यांनी तो छापून आल्यावरच वाचला असावा, अशी मला दाट शंका आहे; त्या काळी तशी रीत होती आणि मला त्यापायी कोणाशी भांडण करायचे नव्हते, आजही नाही. प्रत्येक विभागातले राजकारण मी येथे बसून सोडवावे, ही अपेक्षा लेखमालेच्या विषयाबाहेरची आहे.

पैशांबद्दलही थोडक्यात. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून आणि के. ई. एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) १९१३ पासूनचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ ही लेखकांकडून छपाईचा खर्च न मागता वर्षानुवर्षे चालत आलेली नियतकालिके आहेत. तेथे निबंध स्वीकारला जाणे अवघड आहे, हे मान्य. पण ‘आठ दिवसांत स्वीकृती’ असे ईमेल पाठवणाऱ्या नियतकालिकांकडे जाऊन वर पैसे लागतात म्हणून गळा काढायचा, हा न्याय मला कळत नाही. आपण तसे केले आहे असे माझे म्हणणे नाही.

आपला स्वतःचा निबंध तयार असेल तर जरूर पाठवा. टोपणनावाने पाठवलात तरी वाचेन. मात्र पाठवण्यापूर्वी सारांशातला रुग्णांचा आकडा पहिल्या तक्त्यातल्या आकड्याशी एकदा ताडून पाहा, आणि जुळत नसेल तर ते रुग्ण कुठे गेले ते मला पत्राच्या पहिल्याच ओळीत कळवा.

आपला,
मास्तर